रंग एकीकडे, जागा दुसरीकडे : सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याच्या मोजमापांचा प्रकरण अभ्यास

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेलचा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. सोलापुरी चादरीइतकेच येथील टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, परंतु मानांकनामुळे रोजची डोकेदुखी कमी होत नाही. या कारखान्याची डोकेदुखी अशी होती की, एकाच ऑर्डरच्या एकाच खोक्यातील टॉवेल हाताला वेगवेगळे लागतात, काही मऊ तर काही कोरडे असतात, अशी घाऊक खरेदीदारांची तक्रार वारंवार येत होती. प्रयोगशाळेच्या नोंदी पाहिल्या तर प्रत्येक लॉट ठरवलेल्या मर्यादेत बसत होता. मालकांची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. प्रयोगशाळा आणि संगणक तीच सांभाळते. तिचा प्रश्न साधा होता : कोणते लॉट एकमेकांसोबत खोक्यात भरावेत आणि कोणते भरू नयेत?

संख्याशास्त्राच्या भाषेत हा गटबांधणीचा, म्हणजे क्लस्टरिंगचा प्रश्न आहे. पण गट बांधून त्यांची यादी हातात दिली तर कारखान्यातील कोणीही ती मान्य करणार नाही, हे मला पहिल्याच भेटीत कळले. तीस वर्षे मागावर काढलेले जॉबर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांना यादी नको होती. त्यांना लॉट डोळ्यांनी पाहायचे होते. अनेक मोजमापांचे लॉट पडद्यावर पाहायचे तर मिती कमी करून ते दोन मितींत आणावे लागतात. म्हणून गटबांधणी आणि मितीघट या दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर आल्या. त्यांची जोडणी कोणत्या क्रमाने करायची, यावर उत्तर किती बदलते, हे या प्रकरणात दिसले.

मोजमापे

टेरी कापडात उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक जमिनीचा ताणा, जो ताठ असतो, आणि दुसरा पाइलचा ताणा, जो सैल सोडलेला असतो. तीन बाण्यांच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, टेरीमध्ये पहिले दोन बाणे विणीच्या कडेपासून थोडे अलीकडेच थांबवतात आणि तिसऱ्या बाण्याच्या ठोक्याला तिन्ही एकदम पुढे सरकतात; त्या सरकण्यात सैल ताण्याची कडी वर येते. ही कडी म्हणजे पाइल. ती किती उंच, किती दाट आणि तिच्यात किती सूत गेले, यावर टॉवेलचे वजन ठरते.

कारखान्यात प्रत्येक लॉटची १३ मापे घेतली जात होती : चौरस मीटरचे वजन म्हणजे जीएसएम, पाइलची उंची, पाइलचा रेशो (जमिनीच्या ताण्याच्या तुलनेत पाइलच्या ताण्याची लांबी), इंचातले ताणे, इंचातले बाणे, लांबी, रुंदी, धुतल्यावर लांबीत आणि रुंदीत होणारी आट, पाण्यात बुडण्यास लागणारा वेळ, ठरलेल्या शेडपासूनचा फरक, आणि ताण्याच्या व बाण्याच्या दिशेची ताकद. लांबी-रुंदी ऑर्डरप्रमाणे ठरते, म्हणून ती दोन मापे आम्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवली. उरली ११. लॉट साडेतीनशेपेक्षा थोडे कमी होते. सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र आकड्यांत नव्हती : प्रत्येक लॉटचा एक हातरुमालाएवढा नमुना चिठ्ठी लावून कपाटात ठेवलेला होता.

मापे एका पट्टीवर आणणे हे काम पुस्तकी वाटते, पण ते टाळले तर पुढचे सगळे वाया जाते. एका लॉटचे जीएसएम ४०० आणि दुसऱ्याचे ५००, एकाची आट ४ टक्के आणि दुसऱ्याची ८ टक्के, असे धरा. फरकांच्या वर्गांची बेरीज १०,००० अधिक १६. म्हणजे या दोन लॉटमधील अंतरात आटीचा वाटा ०.२ टक्क्यांहूनही कमी. ग्राहकाच्या घरी पहिल्या धुण्यात दुप्पट आटणारा टॉवेल गणिताला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून प्रत्येक मापातून त्याची सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागले.

पहिले चित्र, आणि माझी चूक

पहिल्या दिवशी मी टी-एसएनई ही मितीघटीची पद्धत वापरली. लॉरेन्स व्हान डर माटेन आणि जेफ्री हिंटन यांनी २००८ मध्ये मांडलेली ही पद्धत जवळच्या शेजाऱ्यांना जवळ ठेवण्यात फार कुशल आहे, आणि तिची चित्रे देखणी येतात. पडद्यावर तीन स्वच्छ बेटे उमटली, चौथे एक लहानसे. त्या चित्राच्या दोन अक्षांवर मी के-मीन्स (ठिपक्यांना जवळच्या केंद्राप्रमाणे ठरावीक संख्येच्या गटांत वाटणारी पद्धत) चालवले, बेटांना रंग दिले आणि काहीशा अभिमानाने ते मालकांपुढे ठेवले. त्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, ‘‘सर, हे तीन ढीग तर मला गोदामाच्या दारातून दिसतात. हलका माल, मधला माल, जड माल.’’

ते बरोबर होते. कारखाना तीन प्रतींचे टॉवेल काढतो आणि गणिताने त्या तीन प्रती शोधून काढल्या होत्या. चौथे बेट यादृच्छिक सुरुवात बदलून पुन्हा चालवले की कधी येई, कधी मोठ्या बेटात विरून जाई. पर्प्लेक्सिटी ही या पद्धतीतील शेजाऱ्यांच्या संख्येची किल्ली. पद्धतीच्या कर्त्यांनीच ती साधारण ५ ते ५० दरम्यान ठेवावी असे सुचवले आहे. ती १० वरून ४० वर नेताच चौथे बेट कायमचे बुडाले. मग त्याच्याबद्दल पुन्हा कोणी काही बोलले नाही.

चूक केवळ निष्फळ शोधाची नव्हती. टी-एसएनईच्या चित्रात बेटांमधील अंतराला आणि बेटाच्या आकाराला मूळ मोजमापांतील अर्थ राहत नाही. दाट समूह ती पसरवते आणि विरळ समूह आकसून घेते. अशा चित्रावर अंतर मोजणारी के-मीन्स चालवणे म्हणजे नकाशा हाताने ताणून-आकसून मग त्यावर दोन गावांमधले कोस मोजणे. शिवाय रंग आणि जागा यांचा उगम एकच असल्याने ते दोघे भांडणे शक्यच नव्हते. चित्र स्वतःच्याच बाजूने साक्ष देत होते आणि मी ती पुरावा म्हणून घेतली होती.

क्रम उलटल्यावर

दुसऱ्या फेरीत आधी माहीत असलेली गोष्ट काढून टाकली. प्रत्येक लॉटच्या मापातून त्याच्या प्रतीची सरासरी वजा केली, म्हणजे ‘जड मालातला हा लॉट इतर जड मालापेक्षा कसा वेगळा’ एवढेच उरले. त्यानंतर प्रधान घटक विश्लेषण, म्हणजे पीसीए केले. कार्ल पिअरसन यांनी १९०१ मध्ये आणि हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये ज्याचा पाया घातला ते हे जुने साधन. चित्र टी-एसएनईइतके नेत्रसुखद येत नाही, पण प्रत्येक अक्ष म्हणजे मूळ मापांची कोणती बेरीज, हे सांगता येते. पहिला अक्ष जाडीचा निघाला : जीएसएम, पाइलची उंची आणि पाइलचा रेशो. दुसरा दाटपणाचा : ताणे, बाणे आणि ताकद. चित्रात एकच धूसर ढग होता.

या दोन अक्षांवर गट बांधले असते तर गट जाडीचे आणि दाटपणाचेच झाले असते. पीसीए सर्वाधिक विचरणाच्या, म्हणजे पसरणीच्या, दिशा आधी घेते, आणि एकच गोष्ट तीन मापांनी मोजली असेल तर तिचे विचरण तिप्पट बोलते. कमी विचरणाच्या एखाद्या दिशेने लॉट सरळ दोन भागांत फुटत असतील, तर ती दिशा तिसऱ्या-चौथ्या घटकात, म्हणजे अक्षात, दबून राहते आणि दोन अक्ष ठेवून बाकीचे टाकले की त्यांच्याबरोबर केरात जाते. ‘आधी मिती घटवा, मग गट बांधा’ हा क्रम गोंगाट कमी करण्यासाठी उपयोगी असतो हे खरे. पण गोंगाट कोणता आणि कुजबुज कोणती, हे विचरणावरून ठरत नाही.

म्हणून गटबांधणी मूळ ११ मापांवरच केली, मात्र साध्या अंतराऐवजी महालनोबिस अंतर वापरले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेले हे अंतर परस्परसंबंधित मापांची पुनरुक्ती काढून टाकते. जाडीची तीन मापे मग तीन मते देत नाहीत. १९४१ च्या संयुक्त प्रांतातील मानवमितीय पाहणीवर महालनोबिस, मजुमदार आणि राव यांनी १९४९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात समूहांची जवळीक याच अंतराने पाहिली होती. अनेक मापे, त्यांतून अंतर आणि अंतरातून समूह, ही वाट आपल्याकडे संगणकाच्या पडद्याआधीपासून चाललेली आहे.

या अंतरावर के-मीन्सने तीन गट काढले. तीनच का, याला भक्कम उत्तर नव्हते. गट एकमेकांपासून किती सुटे आहेत हे सांगणारा सिल्हुएटचा आकडा दोनपासून सहा गटांपर्यंत सगळीकडे निरुत्साहीच होता. तीन गटांचे रंग पीसीएच्या चित्रावर चढवले. पिवळे ठिपके एका टोकाला, हिरवे दुसऱ्या टोकाला, आणि लाल ठिपके सगळ्या ढगात शेंगदाण्याच्या चटणीतल्या तिखटासारखे विखुरलेले. मुलगी म्हणाली, ‘‘सर, रंग विस्कटलेत. प्रोग्राममध्ये काहीतरी चुकलंय.’’

प्रोग्राम बरोबर होता. रंग ११ मापांवरून आला होता आणि जागा दोन अक्षांवरून. दोघांचे जुळत नव्हते, याचा अर्थ लाल लॉटना एकत्र ठेवणारी जी काही गोष्ट होती ती या दोन अक्षांच्या बाहेर होती. लाल गटाच्या सरासऱ्या पाहिल्यावर पाण्यात बुडण्याचा वेळ आणि शेडमधील फरक ही दोन मापे वर आली, आणि ही दोन्ही मुख्यतः चौथ्या घटकात बसलेली होती. पहिल्या दिवशी रंग आणि जागा यांचे एकमत पाहून मी खूश झालो होतो. खरी बातमी त्यांच्या मतभेदात होती. व्हर्जिनिया टेक येथील जॉन वेन्स्कोविच आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये गटबांधणी आणि मितीघट या दोन तंत्रांच्या जोडणीच्या निरनिराळ्या तऱ्हा मांडून दाखवल्या आहेत. तऱ्हा निवडणे म्हणजे रंग आणि जागा यांना कोठे वेगळे पडू द्यायचे, ते निवडणे, असे मला या कारखान्यातील अनुभवावरून वाटते.

अण्णांचा हात

तरीही मला एक शंका होती. लाल गट हा गणिताचा खेळ असू शकतो. येथून पुढे चित्र हाताळता येईल असे केले : माउसने ठिपका उचलून दुसरीकडे ठेवता यावा आणि त्यावरून पद्धतीने अंतराची वजने पुन्हा ठरवावीत. यामागचा विचार असा की, जाणकाराला ‘बुडण्याच्या वेळाला किती वजन द्यावे’ हे सांगता येत नाही, पण ‘हा लॉट याच्यासारखा आहे’ हे सांगता येते. सरकवलेल्या ठिपक्यांमधली पडद्यावरील अंतरे आणि त्यांच्या मापांमधली वजनदार अंतरे जास्तीत जास्त जुळतील अशी वजने शोधली जातात. वजने ऋण नसावीत आणि त्यांची बेरीज एक असावी, एवढीच अट. मग त्या वजनांनी सगळ्याच लॉटचे चित्र पुन्हा काढले जाते.

अण्णांनी पडद्याकडे फारसे पाहिलेच नाही. त्यांनी कपाटातून मधल्या मालाचे नमुने काढले, एकेक तळव्यावर घेऊन अंगठा फिरवला, काहींचा कोपरा पितळी तांब्यातल्या पाण्यात टेकवला. मग आठ चिठ्ठ्या दोन ढिगांत ठेवल्या : तीन इकडे, पाच तिकडे. ‘‘हे तीन वाळलेल्या हाताचे,’’ एवढेच ते बोलले. मुलीने ते आठ ठिपके पडद्यावर तसेच दोन बाजूंना सरकवले. वजने बदलली, बुडण्याचा वेळ आणि शेडचा फरक या दोन मापांनी मिळून निम्म्याहून अधिक वजन घेतले, जीएसएम जवळजवळ शून्यावर गेले. ढग मधून चिरला आणि दोन गर्द्या झाल्या. लाल ठिपके बहुतेक एकाच गर्दीत गेले.

येथे थांबणे हा मोठा मोह होता, आणि थांबणे चुकीचे ठरले असते. आठ ठिपक्यांवरून ११ वजने ठरवायची तर अनेक उत्तरे जवळपास सारखीच चांगली बसतात. आणि माणसाने सरकवल्याप्रमाणे चित्र बदलणारच, कारण ते तसेच बनवलेले आहे. अशी सोय वापरणाऱ्याची खुशामत करते. म्हणून दोन गोष्टी केल्या. वजने समान वजनांपासून फार दूर गेली तर दंड बसेल अशी अट घातली, म्हणजे आठ ठिपक्यांच्या आधारावर फार उड्या मारता येणार नाहीत. दुसरे म्हणजे, न सरकवलेल्या लॉटचे नमुने दोन्ही गर्द्यांतून उचलले, चिठ्ठ्या झाकल्या, मिसळले आणि दोन दिवसांनी अण्णांपुढे ठेवले. त्यांनी पुन्हा दोन ढीग लावले. ढीग बहुतेक गर्द्यांशी जुळले. जे चुकले ते दोन गर्द्यांच्या मधल्या पट्टीतले होते, जेथे मलाही खात्री नव्हती.

वही

कारखाना रंगाई बाहेरून करून घेतो. रंगाईच्या युनिटमध्ये हाताने लिहिलेली एक वही आहे आणि तिच्यात प्रत्येक बॅचपुढे पाणी कोठले होते ते एका शब्दात लिहिलेले असते : नळ, टँकर किंवा बोअर. सोलापुरात पाणी दररोज येत नाही, हे येथे राहणाऱ्याला सांगायला नको. ज्या दिवशी टाकी रिकामी, त्या दिवशी बोअर. ही वही आम्ही विश्लेषणात मुद्दाम घेतली नव्हती. लॉट क्रमांकावरून बॅच शोधून तो एक शब्द प्रत्येक ठिपक्याला जोडला, तेव्हा वाळलेल्या हाताच्या गर्दीत बोअरच्या नोंदी दाटलेल्या दिसल्या आणि दुसऱ्या गर्दीत नळाच्या.

कारण रसायनशास्त्राला अनुसरून आहे. रिअॅक्टिव्ह रंग सुती धाग्याला पक्का बसावा म्हणून रंगाईत मीठ आणि सोडा अॅश घालतात. पाणी जड, म्हणजे क्षारांचे, असेल तर त्यातील कॅल्शियम सोड्यातील कार्बोनेटशी मिळून चुन्यासारखा साका धरतो. तो कड्यांवर बसला की कापड खरखरीत लागते, पाणी उशिरा शोषते, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या उपस्थितीत शेडही मंद उतरते. बुडण्याचा वेळ आणि शेड एकत्र का हलत होते, ते यातून कळले. माग, सूत, विणकर यांपैकी कोणाचाही त्यात दोष नव्हता. त्यामुळेच विणाईच्या मापांनी भरलेल्या दोन अक्षांवर लाल ठिपके विखुरले होते.

काही लॉट मात्र जुळेनात. बोअरचे पाणी, तरीही मऊ, असे चार होते. रंगाईच्या मिस्त्रींना तारखा सांगितल्यावर ते म्हणाले की, त्यांच्याकडे पाणी मऊ करणारे यंत्र आहे, त्यातील रेझिन मिठाच्या पाण्याने पुन्हा चार्ज करावे लागते, आणि त्या तारखा नेमक्या चार्ज केल्यानंतरच्या होत्या. नंतरच्या दिवसांत रेझिन थकत जाते, कोणी मोजत नाही. नळाचे पाणी असूनही वाळलेला असा एकच लॉट होता, त्याचे कारण सापडले नाही. आणखी एक ठिपका घनतेवरून गट लावणाऱ्या एचडीबीस्कॅन पद्धतीने ‘कोणत्याच गटात नाही’ म्हणून बाजूला काढला होता. त्याचे जीएसएम ४५ लिहिलेले होते. एक शून्य राहून गेले होते. के-मीन्सने तो निमूटपणे एका गटात कोंबला होता, हे तिच्या स्वभावाला धरूनच झाले. ती कोणालाच बाहेर उभे ठेवत नाही.

आता पडद्यावर काय आहे

लॉट कार्डावर पाण्याचा रकाना आला आहे आणि रंगाईच्या युनिटने प्रत्येक बॅचआधी जडपणा तपासण्याचे साधे किट घेतले आहे. खोकी आता प्रत आणि गर्दी अशा दोन्ही गोष्टी पाहून भरतात. मधल्या पट्टीतील लॉट स्थानिक बाजारात सुटे जातात. तो निर्णय मालकांचा; त्यात गणित नाही.

पडद्यावरून टी-एसएनई काढून टाकले. ते वाईट म्हणून नव्हे. तर त्याच्या मूळ रूपात नवा लॉट आल्यावर त्याची जागा सांगणारे सूत्र नसते, सगळे चित्र पुन्हा काढावे लागते आणि कालचा ठिपका आज दुसरीकडे दिसतो, हे गोदामात चालत नाही. त्याऐवजी ठरलेल्या वजनांचे पीसीए आहे, ज्यात नव्या लॉटची जागा गुणाकार-बेरजेने लगेच निघते. रंग मात्र अजूनही वेगळ्या वाटेने, ११ मापांच्या महालनोबिस अंतरावरून येतो. दोन वाटा एक करून पडदा नीटस करावा, असे मुलीने सुचवले होते. मी नको म्हटले. ज्या ठिपक्याचा रंग त्याच्या शेजाऱ्यांशी जुळत नाही त्याच्याभोवती आता एक काळे कडे उमटते, आणि त्या लॉटचा नमुना कपाटातून काढून अण्णांच्या टेबलावर जातो.

सुताचा काउंट, म्हणजे जाडी-बारीकपणा, बदलला की वजने पुन्हा ठरवावी लागतील, कारण तेव्हा बुडण्याचा वेळ केवळ पाण्यामुळेच नव्हे तर धाग्यामुळेही हलेल. गेल्या आठवड्यात काळी कडी सात होती. त्यांपैकी पाच बोअरच्या दिवसांची निघाली. उरलेल्या दोन नमुन्यांवर अण्णांनी अंगठा फिरवला, तांब्यात कोपरा बुडवला आणि ते परत कपाटात न ठेवता खिशात घालून रंगाईवाल्यांकडे निघून गेले.